चला, गेटच्या आत जाऊ या!

आमच्या गावाला पाहुणे आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अजिंठा-वेरूळला कधी जायचं?" आमचे गाव म्हणजे औरंगाबाद. २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. अजिंठा इथून सुमारे शंभर किलोमीटर, वेरूळ तीस. चार-पाच माणसांचे गाडीभाडे आणि बाहेरचे खाणे कामगाराच्या घराला दरवेळी कसे परवडणार? म्हणून पाहुण्यांना आणि आमच्या गल्लीतल्या पोरांना आम्ही एक पायी सहल घडवतो. खर्च म्हणजे घरची भाकरी, ठेचा आणि वाटेत शेंगदाणे. या सहलीची हकीकत आज वाचक बंधू-भगिनींना सांगायची आहे.

आम्ही एका कार्यालयात कारकून आहोत. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवार मोकळा मिळतो आणि सहलीला आम्ही शनिवारच धरतो. रविवारी महाविद्यालये बंद असतात. बंद दारे दाखवायला मुलांना कशाला न्यायचे?

गेल्या खेपेला गल्लीतली सात पोरे होती. शेजारची बारावीतली मुलगी होती आणि तिचे वडीलही होते. ते वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करतात. कंपनीने ब्रेक दिला होता, म्हणून घरीच होते. बारावी झाली की पोरीला कुठेतरी पॅकिंगच्या कामाला लावायचे, असे त्यांच्या मनात होते. मुलीला पुढे शिकायचे होते, पण घरात ती बोलत नव्हती. आमच्या पत्नीने हे आम्हाला सांगितले आणि म्हणाल्या, "समजवू नका. नुसते घेऊन जा दोघांना."

सकाळी सातला निघालो. भावसिंगपुऱ्याजवळच्या आमच्या वस्तीतून बीबी का मकबरा डाव्या-उजव्या हाताला ठेवत पुढे गेले की डोंगर लागतो. त्या डोंगरात औरंगाबादची बुद्ध लेणी आहेत. विजयादशमीला तिथे आपल्या लोकांची रीघ लागते. एरवी मात्र शांतता असते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, हे आयाबहिणींनी लक्षात ठेवावे.

चौथ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत स्तूप आहे. ते या डोंगरातले सर्वांत जुने. बाकीची बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात तथागतांची बसलेली मूर्ती आहे आणि तिच्यासमोर गुडघे टेकलेली माणसे कोरली आहेत, पुरुष आणि बायासुद्धा, जवळजवळ खऱ्या माणसाएवढी. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर उभे आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसावर येणारी संकटे कोरली आहेत. आग, बुडणारी नाव, सिंह, साप, हत्ती. पोरांनी ती बोटाने मोजली.

विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची आणि शिकण्याची जागा, असे आम्ही सांगत होतो. तेवढ्यात एक छोटी म्हणाली, "म्हणजे काका, हे होस्टेल होतं का?" आम्ही हसलो. पण तिचे काही चुकले नव्हते. लेण्याच्या ओट्यावर बसून भाकरी खाल्ली. तिथून खाली मकबऱ्याचा घुमट दिसतो आणि एका बाजूला विद्यापीठाचा झाडीभरला परिसर. पोरांना बोट दाखवून म्हटले, "वर जुने होस्टेल, खाली नवे."

उतरताना सोनेरी महाल लागतो. बुंदेलखंडच्या पहाडसिंगाने सतराव्या शतकात तो बांधला. आता तिथे शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे अर्धा तास काढून आम्ही विद्यापीठाच्या गेटवर आलो.

या गेटविषयी आपल्या माणसाला नव्याने काय सांगावे? मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. पोचीराम कांबळे गेले, पुढे गौतम वाघमारे गेले, आणखी किती गेले. लाँग मार्च निघाला, लोकांनी तुरुंग भोगले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले. तेव्हापासून दर १४ जानेवारीला गावोगावची माणसे या गेटवर येतात, माथा टेकतात, फोटो काढतात आणि परत जातात.

आमचे वडीलही असेच येत. ते बिगारी होते. तरुणपणी विद्यापीठाच्या एका इमारतीवर गवंड्याच्या हाताखाली त्यांनी वाळू-सिमेंट वाहिले होते. नाव लागल्यावर दरवर्षी आम्हाला घेऊन यायचे, गेटला हात लावून तो कपाळाला लावायचे. आम्ही विचारायचो, "दादा, आत काय हाय?" ते म्हणायचे, "लई मोठी शाळा हाय." आणि तिथूनच माघारी फिरायचे. पुढे आम्ही बी.कॉम.ला नागसेनवनात प्रवेश घेतला, तेव्हा प्रवेशाच्या दिवशी ते सोबत आले. पण बाहेर लिंबाखाली उभे राहिले. "तू जा, माझं आत काय काम हाय?" म्हणाले. त्यांना कोणी अडवले नव्हते. पायच अडले होते. ज्या वर्गात आम्ही तीन वर्षे शिकलो, तो वर्ग त्यांनी कधी पाहिला नाही. आता ते नाहीत. हात धरून आत नेले असते, तर काय बिघडले असते? हा प्रश्न आम्हाला अजून टोचतो.

म्हणून आम्ही पोरांना गेटवर थांबू देत नाही. आत नेतो. रस्त्याने चालतो, विभागांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लावतो. रसायनशास्त्र, इतिहास, पाली व बौद्ध अध्ययन. वाचता वाचता पोरांचा आवाज मोठा होत जातो.

शेवटचा मुक्काम नागसेनवन. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या पोराला पदवी घ्यायची तर हैदराबादची वाट धरावी लागे. ते आपल्या गरिबाला कुठून जमणार? हे ओळखून बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे जून १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बांधकाम पाहायला बाबासाहेब स्वतः इथे येऊन राहत.

महाविद्यालयाचे नाव मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. तो भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारायचा. नागसेनांनी उलट विचारले, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे चाक का? आस का? दांडी का? राजा विचारात पडला. ही गोष्ट पोरांना फार आवडते. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला नाव दिले विचारणाऱ्याचे, आणि आवाराला नाव लाभले उत्तर देणाऱ्याचे. आपल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या विचारायची बंदी होती. त्याच्यासाठी यापेक्षा मोठा निरोप कोणता?

मुलीला म्हटले, "जा, कार्यालयाच्या खिडकीवर तू विचार." ती गेली. मागे वळून पाहिले तर तिचे वडील झाडाखाली उभे! आमच्या पोटात कालवले. आम्ही परत गेलो, त्यांचा हात धरला, "चला दादा, आत चला." एका मोकळ्या वर्गाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. म्हटले, "गरज नाही." ते म्हणाले, "असू द्या." शेवटच्या बाकावर बसले, बाकावरून हात फिरवला, फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच विचारले, "फी किती पडती?"

आम्हाला वाटले, मिलिंद राजाच बोलला. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची माहिती दिली. अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचा. ते म्हणाले, "कागदं काय काय लागतेत ते लिहून द्या." शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर लिहिले: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीचे गुणपत्रक, टीसी, आधार जोडलेले बँक खाते. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. मुलगी घरी येईपर्यंत बापाच्या शेजारून चालत होती.

वाचकहो, आपापल्या गावात महाविद्यालय असेलच. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण अभिवादन करतो, ते करायलाच हवे. पण वर्षातला एक साधा दिवस काढा आणि लेकरांना आत न्या. वर्ग दाखवा, खिडकीवर त्यांनाच विचारू द्या. आणि घरातले म्हातारे झाडाखाली थांबले, तर त्यांनाही हात धरून आत न्या. आमचे राहून गेले, तुमचे राहू नये.

जय भीम!