क्लचप्लेटीचा हिशेब

गाडीतला क्लच म्हणजे एकत्र कुटुंबातली मधली सून. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स, दोघांची गती वेगळी, तऱ्हा वेगळी. त्यांची गाठ घालायची, सोडवायची आणि पुन्हा घालायची, हेच तिचे दिवसभराचे काम. सारे सुरळीत चालले असताना तिचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही. ती थकली, की मात्र घर जागे होते.

आमच्या घरातला क्लच थकला तो गेल्या पावसाळ्यात, आणि त्यावरून सुरू झालेला वाद थेट पितृपक्षापर्यंत पुरला. गाडी माझ्या थोरल्या भावाची. फियाट लिनिया टी-जेट. हे टर्बोवाले मॉडेल आपल्याकडे २०१० साली आले, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून. १.४ लिटरचे लहानसे पेट्रोल इंजिन, पण टर्बोमुळे अश्वशक्ती ११४ आणि टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, २०७ न्यूटन-मीटर. ज्यांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनीचे स्टिअरिंगशेजारचे गिअर ओढले, त्या दादांना ही गाडी म्हणजे उतारवयातले लाडके नातवंड वाटे. दादा गेले, लिनियाचे उत्पादनही बंद झाले, गाडी मात्र राहिली. ती आता वहिनी चालवतात.

वहिनींचे वय ६४. दर पंधरा दिवसांनी त्या साखळीला आपल्या आईकडे जातात. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट उतरून केरी आणि पुढे साखळी. आई अठ्ठ्याऐंशीच्या. दिसते कमी, ऐकू येते त्याहून कमी, पण अंगणात गाडी थांबली की लेक आली हे त्यांना कळते. या रस्त्याला बस आहे, भाड्याची गाडी मिळते, शेजारी सोडायला तयार असतात. पण दुसऱ्याच्या गाडीने गेले की दुसऱ्याच्या घड्याळाने परतावे लागते. वहिनींना ते नको असते. तेव्हा प्रश्न क्लचचा असला, तरी पणाला लागले होते ते हे जाणे-येणे.

पुण्याला नोकरी करणारा माझा पुतण्या गाडीवर बापासारखेच प्रेम करणारा, फक्त पद्धत नव्या पिढीची. मागच्या वर्षी त्याने एका जाणकाराकडून इंजिनच्या संगणकातली आकडेमोड बदलून घेतली. त्याला ही मंडळी रिमॅप म्हणतात. शिवाय जरा मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर. बस्स, एवढेच. त्याने २०७ चा टॉर्क २५० च्या घरात गेला. वहिनींना कुणी विचारले नाही. त्यांना एवढेच जाणवले, की गाडी चढावर जरा जास्तच उत्साह दाखवते.

पावसाळ्यात कणकुंबीच्या अलीकडे हा उत्साह उलटला. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडे, आकड्याचा काटा वर चढे, पण गाडीचा वेग जागच्या जागी. क्लच घसरत होता. आता हे चौथ्या-पाचव्या गिअरमध्येच का, पहिल्या-दुसऱ्यात का नाही? खालच्या गिअरमध्ये इंजिन सर्वांत जोराच्या टप्प्यातून क्षणात पार होते, आणि त्यातला काही जोर फ्लायव्हीललाच वेग देण्यात खर्ची पडतो. वरच्या गिअरमध्ये मात्र इंजिन त्याच टप्प्यावर रेंगाळते आणि सगळा भार क्लचच्या अंगावर येतो. टर्बोच्या गाडीत हा टप्पा २००० ते ३००० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे नेमका घाट चढताना.

उद्यमबागेत आमचे ठरलेले मेस्त्री आहेत. मातृभाषा कन्नड, आमच्याशी मराठी, हाताखालच्या पोरांशी दखनी आणि नटबोल्टाशी इंग्रजी. त्यांनी आधी गाडीखाली जाऊन तेल बघितले, आणि ते योग्यच केले. घसरला म्हणजे प्लेट संपली असे दर वेळी नसते. इंजिनच्या मागच्या सीलमधून तेल झिरपून प्लेटीवर आले तरी ती घसरते. पेडल पूर्ण परत येत नसेल तरी घसरते. पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर फारच लवकर घसरते. सील कोरडे होते, पेडलला मोकळीक होती, आणि वहिनींना ती सवय नाही, हे मला ठाऊक आहे. दादांची शिकवण कडक होती. म्हणजे प्लेटच.

पुतण्याने फोनवरच तोडगा सांगितला. "काका, रेसिंगचा क्लच घालूया. दीडपट जोराची प्रेशर प्लेट आणि सिरॅमिकची डिस्क. पुन्हा बघायलाच नको." फोटोही पाठवले. डिस्कला अखंड लायनिंगच्या जागी सहा गोळे, जणू पितळी बुंदीचे लाडू कापून बसवलेत.

मेस्त्रींनी तो फोटो बघितला, हात पुसले आणि मला एकच प्रश्न केला, "एष्टु बेकु?" किती पाहिजे? सगळी मेख या प्रश्नात होती. क्लच चांगला की वाईट हे विचारण्यात अर्थ नाही, त्याने किती धरायला पाहिजे ते विचारावे. आणि ते अश्वशक्तीवर ठरत नाही, टॉर्कवर ठरते.

हिशेब वहीच्या पाठच्या पानावर मावण्याजोगा आहे. क्लच किती टॉर्क धरील हे चार गोष्टींवर ठरते: प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचे घर्षण, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू किती. चौघांचा गुणाकार करायचा. उदाहरणादाखल, दाब ५००० न्यूटन (म्हणजे अंदाजे पाच क्विंटलचे पोते छातीवर ठेवल्यासारखा), घर्षण ०.३, सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर आणि बाजू दोन धरा. उत्तर येते २७० न्यूटन-मीटर. मूळच्या २०७ ला हा क्लच तीस टक्के शिल्लक ठेवतो. बनवणारे इतपत शिल्लक ठेवतातच, कारण घाटात लायनिंग तापते आणि तापले की घर्षण उतरते. ते ०.२५ वर आले तर तोच क्लच २२५ धरतो. २०७ ला अजूनही पुरेसा, २५० ला मात्र अपुरा. पुतण्याच्या रिमॅपने ही शिल्लकच खाऊन टाकली होती, आणि कणकुंबीच्या चढावर वसुली झाली.

आता पुतण्याचा क्लच याच गुणाकारात घाला. दाब दीडपट म्हणजे ७५००, सिरॅमिकचे घर्षण ०.४ धरले, तर ५४०. इंजिन २५० चे, क्लच ५४० चा! आमच्याकडे एकाने दोन खोल्यांच्या घराला राजवाड्याचा दरवाजा बसवला होता, त्याची आठवण झाली. आणि जास्त धरले म्हणजे नुसता पैसा वाया जातो असेही नाही. क्लच जरा घसरतो तेव्हा तो धक्का स्वतः खातो. तो घसरायलाच तयार नसला, की धक्का पुढे गिअरबॉक्सकडे, ड्राइव्ह शाफ्टकडे जातो. शिवाय सिरॅमिकचा स्वभाव तोडून बोलणाऱ्या माणसाचा. धरतो किंवा सोडतो, मधले काही नाही. खडेबाजारच्या गर्दीत इंचाइंचाने पुढे सरकताना गाडी हिसके देते, चढावर थरथरते. शर्यतीच्या मैदानात हा गुण आहे, तिथे कुणाला हळू निघायचे नसते.

लायनिंगचा एक मधला प्रकारही आहे, केव्हलारच्या धाग्यांचा. टिकतो चांगला, वागतो सौम्य. पण त्याला रुळायला फार वेळ लागतो, आणि त्या काळात किंवा नंतरही एकदा सडकून तापला तर त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पहिल्यासारखी पकड परत येत नाही. घाटाच्या गाडीला मी तो नको म्हटले. दोन डिस्कांचा क्लच म्हणजे दोनाच्या चार बाजू. पण तो मोठ्या ताकदीच्या गाड्यांचा, आपल्या वाटेचा नव्हे.

मग दाब वाढवायचा का? दाब वाढला की पेडल जड होते, जवळपास त्याच प्रमाणात. आणि वहिनींचा डावा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. "भावोजी, आता मला हे पेडल दबत नाही, वय झालं," असे त्या दोनदा म्हणाल्या होत्या. घरात हळूहळू असे बोलणे सुरू झाले होते, की नाहीतरी आता चालवणे थांबवायला हवेच. बोलणारे प्रेमानेच बोलत होते. प्रेमाने बोललेल्या गोष्टींना उत्तर देणे फार कठीण.

मी एका मित्राकडून पेडलवरचा दाब मोजायचा मीटर आणला. वर्कशॉपमध्ये ब्रेक तपासायला तो वापरतात. वहिनींच्या गाडीचे पेडल भरले १८ किलो. मेस्त्रींकडे त्याच आठवड्यात दुसऱ्या एका लिनियाला कंपनीच्या मापाचा नवा क्लच बसला होता. त्याचे भरले १३.

हे मेस्त्रींना नवे नव्हते, मला मात्र आकड्यात बघायला बरे वाटले. क्लचमधली स्प्रिंग ही साधी वेटोळी स्प्रिंग नव्हे; ती बशीसारखी चकती असते, मधोमध बोटांसारखे काप असलेली. लायनिंग झिजत जाते तशी ही चकती आपल्या जागेवरून हलते, तिची बोटे बदललेल्या कोनात येतात आणि तिला दाबायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. म्हणजे क्लच म्हातारा झाला की पेडल जड होते. दिवसाला केसभर वाढते, म्हणून रोज चालवणाऱ्याला कळत नाही. त्याला आपलाच पाय दुबळा झाल्यासारखे वाटते. वहिनींच्या गुडघ्यात काहीच नाही असे मी म्हणत नाही. पण १८ किलोतले पाच त्यांच्या वयाचे नव्हते.

वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ मीटरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर मी उगाच तेल चोळलं की ओ."

आता हिशेब मोकळा झाला. पंधरा टक्के जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि नेहमीचीच, म्हणजे सेंद्रिय लायनिंगची, मध्ये स्प्रिंगा असलेली डिस्क. पेडल १५ किलोच्या आसपास, म्हणजे आताच्यापेक्षा हलकेच. गुणाकाराने ३१०, आणि तापल्यावर २५८. २५० ला हे पुरते, पण काठावर. उरलेली तफावत दुसऱ्या टोकाकडून भरून काढायची असे मी सुचवले: टॉर्कच थोडा उतरवू.

पुतण्याला हे अर्थातच झोंबले. "मग रिमॅपचा उपयोग काय, काका?"

त्याला मी त्याच इंजिनाच्या दुसऱ्या गाडीचे उदाहरण दिले. २०१५ साली अबार्थ पुंटो आपल्याकडे आली. १.४ टी-जेट हेच इंजिन, पण अश्वशक्ती सुमारे १४५. आणि टॉर्क? २१२. म्हणजे कंपनीने तीस अश्वशक्ती वाढवली ती टॉर्क जेमतेम पाचाने वाढवून. यात जादू काही नाही. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. आपल्या लिनियाचे ११४ येतात ५००० फेऱ्यांवर, आणि तिथे टॉर्क असतो फक्त १६० च्या आसपास. क्लचचा जीव जातो तो खालच्या २५०० फेऱ्यांवरच्या उंचवट्याने. तो उंचवटा २३० वर आणला, तर क्लच सुटतो आणि वरची धाव तशीच राहते. त्याने रात्री बराच वेळ विचार केला असावा, कारण सकाळी त्याचा निरोप आला, "२३०. त्याखाली नाही." मेस्त्री म्हणाले, "साकु."

गिअरबॉक्स उतरवणे हे खरे खर्चाचे काम, सुटा भाग त्यामानाने किरकोळ. म्हणून एकदा उतरवला की रिलीज बेअरिंग, मागचे सील हे चांगले असले तरी बदलून टाकावे, असे माझे मत आहे. प्लेट बाहेर आली ती रिव्हेटीपर्यंत झिजलेली. फ्लायव्हीलवर निळे डाग, तापल्याची खूण. ते गावातच मशिनवर साफ करून घेतले. फौंड्री आणि लेथच्या या गावात त्यासाठी लांब जावे लागत नाही. मेस्त्रींचा पोरगा हवेच्या पाइपने आतली धूळ उडवायला निघाला, त्याला थांबवून ओल्या फडक्याने पुसायला लावले. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, हल्ली नसते. तरी कुठला भाग कुठून आला हे कोणी सांगावे? फुफ्फुसे त्या पोराची आहेत.

बसवल्यावर पेडल पुन्हा मोजले. १५ ला जरा कमी.

नवे लायनिंग फ्लायव्हीलवर रुळेपर्यंत, साधारण पहिले ८०० किलोमीटर, गाडी गावात चालवायची, वारंवार क्लच दाबत पण जोर न करता. घाट नाही. वहिनींनी ते वेळापत्रकच केले. सकाळी टिळकवाडीतून शहापूरची भाजी, दुपारी बँक, संध्याकाळी वडगावची भजनी मंडळातली मैत्रीण. जिथे चालत जात होत्या तिथेही गाडीने जाऊ लागल्या. पुतण्या रोज रात्री पुण्याहून आकडा विचारी. एकोणिसाव्या दिवशी ८०० पुरे झाले, आणि वहिनींनी कुंद्याचा डबा मागच्या सीटवर ठेवून जांबोटीचा रस्ता धरला.