भंगारातला अडकित्ता

कोकणातलं जुनं घर उतरवलं की आधी वासे आणि कौलं विकली जातात. मग माळ्यावरच्या वस्तू निघतात: घंगाळ, शेर-पावशेराची मापं, कान तुटलेली चिनी मातीची बरणी. या भागातलं हे सामान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं, तेव्हा त्याची किंमत होते ती किलोवर.

त्या ढिगात हात घालणाऱ्याला नजर हवी. पितळी अडकित्ता सापडला तर आधी पातं उघडून बघावं. अंग पितळेचं, पण धार लोखंडाची असते, आणि खिळा ढिला झाला तरी तो ठोकून घेता येतो. चुंबक अंगालाही चिकटलं, तर ते नुसतं मुलाम्याचं पितळ. शेराचं माप मिळालं तर ते सोडूच नये. 1958 पासून दशमान वजन-मापं येऊ लागली आणि ही मापं हळूहळू माळ्यावर गेली.

पुण्यात दिनकर केळकरांनी अशा वस्तूंचं मोल ओळखलं होतं. चष्म्याचा व्यवसाय सांभाळून ते गावोगाव हिंडले. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत राहिले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभ्या राहिलेल्या त्यांच्या संग्रहालयात आज सुमारे 20 हजार वस्तू आहेत. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा ही घरगुती चीजवस्तूच तिथे जास्त बोलकी वाटते.

घरी आणलेलं पितळ चिंच-मिठाने घासावं. आंबट शिजवायचं असेल, तर आधी कल्हई.