गरारी

मागच्या चाकाला चेन जिच्यावरून फिरते त्या दातेरी चकतीला मराठी मुलखात स्प्रॉकेट म्हणतात, झाशीत गरारी. मी लहानपणापासून गरारीच म्हणत आलो. घरात मराठी आणि फाटकाबाहेर बुंदेली वळणाची हिंदी, त्यामुळे हत्यारांची आणि सुट्या भागांची नावं आमच्याकडे दोन्ही बाजूंनी शिरली. बोल्टच्या आट्यांना अण्णा, म्हणजे माझे वडील, अजून आटेच म्हणतात. मिस्त्री त्यांना चूडी म्हणतो. आपल्याकडे आटे जातात, त्याच्याकडे चूडी मरते. नुकसान तेवढंच, पण त्याचा शब्द जास्त लागतो.

झाशीतले मराठी म्हटलं की पाहुणे लगेच राणीपाशी पोचतात. आम्ही त्या वाटेने आलो नाही. आम्ही रेल्वेच्या वाटेने आलो. झाशी विभाग 2003 पर्यंत मध्य रेल्वेत होता, मुख्यालय मुंबईला. त्या काळात भुसावळचा माणूस बदलीवर झाशीला येणं म्हणजे एकाच घरात या खोलीतून त्या खोलीत जाणं. अण्णा तसे आले, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर झाले आणि निवृत्तीनंतर सीपरी बाजारच्या बाजूला घर करून राहिले. परत कोणी गेलं नाही.

गोष्ट मात्र मोटारसायकलची आहे. शंभर सीसीची, पूर्ण झाकलेल्या चेनकव्हरची, घरातली सगळ्यात कष्टाळू वस्तू. गेल्या वर्षीपासून ती मुलगी चालवते. सीपरीचा पूल, इलाइट चौराहा आणि मग कानपूर रोडने विद्यापीठ.

चैत्रात मी तिचा चेनसेट बदलला. स्वतः. पाने होते, व्हिडिओ पाहिले होते आणि अण्णांचा मुलगा असल्याचा थोडा माज होता. चाक काढलं की या गाडीत गरारी चेनसकट कव्हरमध्येच राहते, ती वेगळी सोडवावी लागते. गरारी चार नटांवर असते. दोन-दोन नटांखाली एक पातळ पत्ती, आणि नट आवळून झाला की त्या पत्तीचा कान नटाच्या सपाट बाजूवर दुमडायचा, म्हणजे नट उलटा फिरत नाही. एवढंच त्या पत्तीचं काम. जुन्या पत्त्यांचे कान उलगडताना दोन तुटले, दोन तडकले. नव्या पत्त्या आणायला बाजारात जावं लागलं असतं आणि दुपारचे दोन वाजले होते. मी नट जोर लावून आवळले, पत्त्या तशाच सपाट ठेवल्या आणि कव्हर लावलं.

आषाढ लागायच्या सुमाराला मुलगी म्हणाली, “बाबा, थ्रॉटल सोडला की खालून कोणीतरी टिचकी मारतं.”

मी चेन ताणली. आवाज दोन दिवस गेला, परत आला. पुन्हा ताणली. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा मी तिला थ्रॉटल हळू सोडायला शिकवू लागलो. तिचा हात कसा झटकन सुटतो, गिअर बदलताना घाई कशी होते, वगैरे. ती ऐकून घेत होती. आज ते आठवलं की मला तो सूर ऐकू येतो, आणि तो ओळखीचा आहे. आपण नीट न केलेलं काम दुसऱ्याच्या हातात बिघडू लागलं की माणूस त्याच सुरात शिकवू लागतो.

खरं तर चेनने मला सांगितलं होतं. कव्हरच्या पोटाशी एक रबरी बूच असतं, ते काढून चेन बोटाने वरखाली करून पाहायची. इंचभर हलली की ठीक. माझी चेन एका जागी इंचभर हलायची आणि चाक अर्धं फिरवलं की तारेसारखी ताठ. मी ढिल्या जागी मोजून ताणत होतो. म्हणजे ताठ जागी ती दर फेरीला गरारीला आणखी ओढत होती, आणि नट आणखी सैल होत होते.

मग एका दुपारी पुलावर मागचं चाक क्षणभर अडकलं. क्षणभरच. खरर्र असा आवाज, झटका, आणि पुन्हा सुटलं. मागून टेम्पो येत होता. तिने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि तशी ढकलत घरी आणली. त्या उन्हात. फाटकाशी स्टँड लावून ती एवढंच म्हणाली, “माझा हात नाहीये, बाबा.”

अण्णा व्हरांड्यात होते. त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानातलं यंत्र ते पाहुण्यांपुरतं लावतात. ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही, कारण नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी कानावर काढली. गाडी फलाटावर उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक वाजवत जायचं. चांगलं चाक घंटेसारखं बोलतं, तडा गेलेलं किंवा काही सैल झालेलं बद्द वाजतं. आम्हा भावंडांना ते घरातल्या कळश्या वाजवून दाखवायचे.

आता त्यांनी खडू मागवला. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. टायरवर खडूची एक रेघ. नातीला खाली बसवून चाक हाताने हळू फिरवायला लावलं आणि स्वतःचा तळवा चेनकव्हरवर सपाट ठेवला. डोळे मिटले. तळव्याला खरखर लागली की ते मान हलवायचे, आणि ती मोठ्याने सांगायची रेघ कुठे आहे. दरवेळी रेघ तिथेच, खाली, जमिनीच्या बाजूला.

हे गणित मी नंतर कागदावर केलं, त्यांनी ते मनात केलं होतं. आमच्या गाडीला पुढे 14 दात्यांची गरारी, मागे 42 दात्यांची, आणि चेनच्या कड्या 104. दोष पुढच्या गरारीत असता तर चाकाच्या एका फेरीत तीनदा खरखर आली असती. चेनची एखादी कडी धरली असती तर जवळजवळ अडीच फेऱ्यांनी एकदा, आणि खडूची रेघ दरवेळी वेगळ्या जागी दिसली असती. एका फेरीला एकदा आणि नेमक्या त्याच जागी, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी. अण्णा म्हणाले, “चेनला हात लावू नका आता. गरारी डुलतेय.”

मिस्त्रीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. अण्णाही आले, यंत्र न लावता. कव्हर उतरलं तेव्हा सांगायला काही उरलं नाही. एक नट गायब, एक बाहेर येऊन कव्हरच्या आतल्या बाजूवर चकचकीत चंद्रकोर कोरून बसलेला, बाकीचे दोन बोटांनी फिरणारे. मिस्त्रीने गरारी वरखाली धरून आतबाहेर हलवली, ती खुळखुळली. मग नट हाताने घट्ट करून तीच गरारी पुढेमागे फिरवून पाहिली. या दोन हालचालींत फरक आहे आणि तो त्याने मुलीला दाखवला, मला नाही. आतबाहेर डुलली तर नट सैल नाहीतर गरारीच्या बैठकीचा बेअरिंग गेलेला. चाक जागेवर राहून गरारी पुढेमागे थोडी फिरली तर हबमधले रबर झिजलेले. हबच्या पोकळीत रबराचे ठोकळे असतात, इंजिनाचा झटका चेनमधून थेट चाकाला लागू नये म्हणून. आमचे रबरही झिजले होते, म्हणजे टिचकी दोन ठिकाणची होती. बेअरिंग मात्र शाबूत.

गरारी काढून त्याने उजेडात धरली. तीन महिन्यांची, दाते कोरे, पण बोल्टची चारही भोकं लंबगोल झालेली.

“किसने फिट की थी ये?” त्याने विचारलं. “पत्ती तो मोड़ी ही नहीं. ऐसे लोगों को पाना छूने नहीं देना चाहिए.”

मी काही बोललो नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर चाकाकडे नेली. बोलायची ती जागा होती, आणि ती जाऊ दिली तर जात होती. मिस्त्री एखाद्या अज्ञात मिस्त्रीला आणखी दोन शब्द बोलला असता आणि विषय संपला असता. अण्णांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. त्यांनी मला कोपराने ढोसलं. “काय म्हणतोय?”

“पत्त्या दुमडल्या नव्हत्या म्हणतोय.”

“काय?”

“पत्त्या! दुमडल्या नव्हत्या!”

“कोणी बसवली होती?”

“मी,” मी म्हणालो. त्यांनी कानामागे हात नेला. मग मला ओरडून सांगावं लागलं, समोरच्या चहावाल्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. “मी बसवली, अण्णा! मी!” मिस्त्रीला मराठी येत नाही, पण हे त्याला कळलं. त्याने मान खाली घालून उगाच रबर पुसायला घेतले.

अण्णा बराच वेळ त्या चार भोकांवरून अंगठा फिरवत होते. मला रागावतील असं वाटलं, निदान कारखान्यातला एखादा किस्सा सांगतील. “पत्तीला किती पैसे पडतात?” एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी गरारी माझ्या हातात दिली.

दुरुस्ती फार नव्हती. गरारी नवी, आणि नव्या गरारीवर वापरलेली चेन चढवू नये म्हणून पुन्हा सगळा सेटच नवा. रबर नवे. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या जुन्या रबरांच्या फटीत घालून काम भागवता येतं, आमच्याकडे सर्रास तसं करतात, आणि मिस्त्रीने तेही सुचवलं. अण्णांनी ऐकू न येताही हातानेच नको म्हटलं, पट्टी पाहिल्यावरच. चार बोल्ट नवे, नट नवे, पत्त्या नव्या. नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे, तीन टप्प्यांत आवळले, म्हणजे गरारी बैठकीवर सपाट बसते. मग चाक फिरवून चेन जिथे सर्वांत ताठ आहे तिथे मोजून इंचभर ढील ठेवली.

पत्तीचे कान दुमडायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीने छिन्नी आणि हातोडी माझ्यापुढे धरली. चेष्टा होती की मोठेपणा, कळलं नाही. मी ती मुलीकडे दिली. पहिल्या कानाला तिने तीन ठोके घेतले, चौथ्याला एकच.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तिने व्हरांड्यात कव्हर स्वतःच उघडलं. मला बोलावलं नाही, अण्णांना बोलावलं. त्यांनी बॅटरी धरली होती. चारही कान नटांना चिकटून उभे होते.