जेंबेच्या पोटात हात घाला

घाटकोपरला माझ्या कामाच्या खोलीत तबले-ढोलक्या येतात, तसे आता जेंबेही येतात. तालवादक तौफिक कुरेशींनी तबल्याचे बोल या पश्चिम आफ्रिकी वाद्यावर आणले आणि मुंबईतल्या पोरांच्या पाठीवर ते दिसू लागलं. माझ्याकडे येतं ते बहुधा पावसाळ्यात, पान सैल पडलं म्हणून.

पान चढवणं आम्हाला परकं नाही. बकऱ्याचं कातडं भिजवायचं, कण्याची रेघ मधोमध घ्यायची, कड्यांत धरून दोरीनं ओढायचं, सावलीत सुकवायचं, मग ब्लेडनं केस काढायचे. तबल्याच्या वादीऐवजी इथं दोरी. गठ्ठ्यांच्या जागी उभ्या दोऱ्यांत आडवी दोरी ओवून एकेक पीळ देत जायचं.

खरा फरक पुढे आहे. तबल्याच्या पुडीला शाई असते, सुराचं निम्मं काम तीच करते. जेंबेचं पान कोरं. त्याचा खर्ज येतो पोटातून: वरचा वाडगा, खालची नळी आणि त्यांच्यामधला गळा. हवा खालच्या तोंडातून सुटते, म्हणून वाजवणारा ते तिरकं धरतो. जमिनीवर सपाट टेकवलं की खर्ज मेला. आपल्याकडे गोव्याच्या घुमटाचं तेच. मडक्याच्या एका तोंडावर पान, दुसरं उघडं. त्या उघड्या तोंडावर डावा हात झाकत-उघडत वादक आवाज फिरवतो. घोरपडीच्या कातड्यावर बंदी आल्यावर तिथं बकऱ्याचं पान आलं, पण मडकं तेच राहिलं.

माली-गिनीकडे जेंबे कोरायचं काम परंपरेनं नुमूंचं, म्हणजे लोहारांचं. हत्यारंही त्यांचीच. लेंकेसारखं जड, टणक लाकूड अख्ख्या ओंडक्यातून पोखरतात; आत हत्याराच्या खुणा राहतात. इथं दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक जेंब्यांना बाहेरून झकास जिराफ कोरलेले असतात आणि आत गळा नुसता भोक पाडून सोडलेला. जिराफ वाजत नाही. असल्या जेंबेवर मी कितीही चांगलं पान घातलं तरी खर्ज पत्र्यासारखाच लागतो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं.

तेव्हा विकत घेताना टॉर्च लावून आत बघा, गळ्यात हात फिरवा. आणि जुलैत सूर थोडा उतरला तर सोसा. दमट हवेत ओढून चढवलेलं पान ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसतं आणि फाटतं.