जांभळ्या बुचाची नळी

अक्कलदाढेला आमच्याकडे कन्नडात ‘बुद्धि हल्लु’ म्हणतात. ती काढणाऱ्यालाही थोडी बुद्धी लागते. सेंट्रीफ्यूज विकत घेतलं तेव्हा ती यंत्राबरोबर येईल असं मी बहुधा धरून चालले होते.

धारवाडात माझा छोटासा दातांचा दवाखाना आहे. यंत्र आलं तेव्हा ते मुद्दाम दर्शनी भागात ठेवलं. काम तसं सोपं. हाताच्या शिरेतून दहा मिलिलिटर रक्त काढायचं आणि गोठू न देणारं काहीही त्यात न घालता लगेच फिरवायचं, मिनिटाला २७०० फेरे, बारा मिनिटं. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मधोमध चिमट्यात धरता येईल असा जेलीसारखा गोळा तयार होतो. त्या गोळ्याच्या जाळीत प्लेटलेट्स अडकलेल्या असतात. दाढेच्या खड्ड्यात तो ठेवून टाके घातले की पुढचे काही दिवस तो जखम भरायला मदत करणारी प्रथिनं सोडत राहतो. जोसेफ शुक्रून या फ्रेंच भूलतज्ज्ञांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. आमच्याकडे प्लेटलेट म्हटलं की लोकांना डेंग्यू आठवतो, त्यामुळे ‘तुमच्याच प्लेटलेट्स तुमच्याच जखमेत’ हे वाक्य भलतंच चालायचं.

पहिली फजिती एका शिक्षिकाबाईंच्या वेळी झाली. बारा मिनिटांनी झाकण उघडलं, तर गोळा नाहीच. तळाला लाल, वर पिवळं, मध्ये काही नाही. नळीकडे पाहिलं तर बूच जांभळं. त्या नळ्या रक्ततपासणीच्या. त्यांतलं औषध रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. नळी मदतनीस मुलीनं हातात दिली होती, पण सुई लावणारी मी होते. बाईंना मी काय सांगितलं? ‘रक्त थोडं कमी पडलं.’ त्यांनी काही न विचारता दुसरा हात पुढे केला. तो हात मला अजून आठवतो.

नंतरही एकदा योग्य नळी घेऊन मी फोनवर बोलत उभी राहिले. या कामात मिनिट-दोन मिनिटांतच नळी यंत्रात जावी लागते. रक्त फिरण्याआधीच गोठायला लागलं आणि हाती लागला एक विरविरीत पापुद्रा. तोही मी खड्ड्यात ठेवला आणि बिलात पूर्ण पैसे लावले.

पण या दोन्ही चुका नळीतल्या. खरी चूक तोंडातली होती.

हुबळीहून एक तरुण चिगरी बसनं यायचा. खालच्या जबड्यात डावीकडे त्याची दाढ आडवी अडकलेली. खालचं हाड घट्ट असतं, त्याला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली जखम जास्त दगा देते. त्याचा गोळा मात्र सुरेख जमला होता. टाके घालता घालता मी नेहमीचं वाक्य टाकलं, ‘चिंते माडबेडि, निम्दे रक्त.’ काळजी करू नका, तुमचंच रक्त आहे. थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉनं पिऊ नका, सिगरेट नको, हे सगळं एका छापील कागदावर होतं. तो कागद इंग्रजीत. पोराचं शिक्षण कन्नडमधून झालेलं.

चौथ्या दिवशी तो गाल धरून आला. कळ थेट कानापर्यंत, तोंडाला वास. आरसा लावून पाहिलं तर खड्डा रिकामा, तळाला हाड उघडं. ड्राय सॉकेट. दुसऱ्या दिवसापासून सिगरेट सुरू होती, शिवाय स्ट्रॉनं लस्सी. मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्हीच म्हणालात ना, चिंते माडबेडि?’

खड्डा कोमट सलाईननं धुतला, लवंगतेलाच्या औषधाची पट्टी भरली. कळ अर्ध्या तासात उतरली. तो गेल्यावर केसपेपरवर मी लिहिलं: ‘रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.’ ते वाक्य खोडायला मला तीन दिवस लागले, आणि ती खाडाखोड अजून त्या कागदावर आहे. त्यानं सूचना पाळल्या नाहीत हे खरं, पण मी त्या दिल्या कुठे होत्या? एक कागद दिला होता, आणि वर कागदाची गरजच नाही असं वाटायला लावणारं वाक्य.

आता मी काय सांगते? या गोळ्यानं दुखणं कमी होऊ शकतं, ड्राय सॉकेटची शक्यताही घटते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. हाड लवकर भरतं का, याचा पुरावा तितका पक्का नाही. एवढं ऐकून काहीजण पैसे वाचवतात आणि साधे टाके घालून जातात. यंत्राचा हप्ता त्यामुळे थोडा जड जातो, ते असो.

तोच तरुण आठ महिन्यांनी उजवी दाढ काढायला आला. कन्नडातला नवा कागद मी त्याला माझ्यासमोर वाचायला लावला. जांभळ्या नळीची गोष्टही सांगितली, का ते मलाही नीटसं ठाऊक नाही. गोळा हवा की नको, हे त्यानं ठरवायचं होतं. हवा, म्हणाला. बाही वर करून हात पुढे केला आणि माझ्या हातातल्या काचेच्या नळीकडे मान वाकवून बघितलं.

‘बूच तांबडं आहे ना, मॅडम?’