अकरावीला तत्त्वज्ञान

अकरावी आर्ट्‌सला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा काकांनी विचारलं, "कीर्तनकार होणार का?" मलाही वाटलं होतं, देवाधर्माचं काहीतरी असेल. निघालं भलतंच. प्रत्यक्षाखेरीज दुसरं प्रमाण न मानणारा चार्वाक भेटला आणि रोज नाशिकच्या रामकुंडावर स्नान करणाऱ्या आजोबांशी मी वाद घालू लागले. त्याचं फार कौतुक नको. सोळाव्या वर्षी सगळेच चार्वाक असतात.

खरी मजा नीतिशास्त्रात आली. कृती बरी की वाईट हे कांटसारखं हेतूवरून ठरवायचं, की मिलसारखं परिणामावरून? फळ्यावर ते कोरडं वाटायचं. मग मॅडम आम्हाला पांडवलेण्यांवर घेऊन गेल्या. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्या आणि बौद्ध भिक्षूंसाठी हे लेणंही कोरवलं. शिवाय विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा द्यायचे. आम्ही तिथेच हिशेब केला. वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा. चोख!

"मग हा धार्मिक की हिशेबी?" मॅडमनी विचारलं.

"राजाचा जावई आहे, सगळ्यांना खूश ठेवतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

पुढच्या तासाला विषय काळाराम मंदिराचा. २ मार्च १९३० रोजी तिथे अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. "धर्मच सोडायचा, तर देवळात शिरायचा हट्ट कशाला?" मी विचारलं. मॅडमनी बाबासाहेबांनी १९३४मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्राबद्दल सांगितलं: आपल्या लोकांना मूर्तिपूजक करणं हा हेतू नव्हताच, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो मार्ग धरला.

शेजारची मैत्रीण तोवर गप्प होती. तिचे पणजोबा त्या सत्याग्रहात होते. ती म्हणाली, "पण त्यांना रामाचं दर्शनच हवं होतं. आजी सांगते."

वर्गात दोन तट पडले. हेतू कुणाचा धरायचा, पत्र लिहिणाऱ्याचा की रामनवमीला रथापाशी दगड झेलणाऱ्याचा? घंटा झाली तरी कुणी उठेना.

चाचणीत मी हे सगळं पानभर लिहिलं. मॅडमनी समासात लाल शाईने विचारलं होतं, "मिल कुठे गेला? पाच वर्षांत दार उघडलं नव्हतं."