वायव्येचा वारा

मिनियापोलिसजवळच्या आमच्या परसात हिवाळ्याचा वारा वायव्येकडून येतो. कॅनडाच्या मैदानापासून इथपर्यंत त्याच्या वाटेत एकही डोंगर नाही. म्हणून कोंबड्या पाळायचं ठरलं, तेव्हा खुराड्याची जागा वाऱ्याने ठरवली: घराच्या आग्नेयेला आडोशात, दार दक्षिणेकडे.

कोरडी थंडी कोंबडी बरीच सोसते. तिच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास ऊब असते आणि पिसं फुलवून ती ही ऊब आतल्या आत धरून ठेवते. वारा पिसांत शिरला की मात्र धरलेलं सगळं निघून जातं. त्यामुळे दिवाळीचा फराळ संपत आला, की आम्ही जाळीच्या आवाराला बाहेरून जाड पारदर्शक प्लास्टिक लावतो. लाकडी पट्ट्यांखाली दाबून स्क्रू मारतो. सैल राहिलं तर रात्रभर फडफडतं आणि पाखरं बिचकतात. वरून जाळीऐवजी उतरते पत्रे आहेत. ओला बर्फ बारीक जाळीवर चिकटून राहतो आणि त्याच्या वजनाने अख्खं छत खाली येऊ शकतं.

वायव्येला मात्र भिंत नाही, फटी राखलेलं लाकडी कुंपण आहे. भरीव भिंतीवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा उतरतो. फटींतून जाताना त्याचा जोर मोडतो आणि सोबतचा बर्फ कुंपणामागे पडतो. तो साचायला कुंपण आणि आवार यांच्यात मुद्दाम मोकळी जागा सोडली आहे.

साताऱ्याहून आई फोनवर सांगायची, "सगळीकडनं गोणपाट लाव, फट म्हणून ठेवू नकोस." तिच्या डोळ्यांसमोर पावसाळा होता. इथे खुराडं घट्ट बंद करणं फार धोक्याचं. कोंबड्यांच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ आतच कोंडते, आणि त्या ओलसर हवेत तुरे लवकर गोठतात. शिवाय विष्ठेतला अमोनिया त्यांच्या फुप्फुसांना बाधतो. म्हणून वळचणीखालचे झरोके आम्ही ऐन कडाक्यातही उघडे ठेवतो. कोंबड्या त्यांच्या बऱ्याच खाली बसतात, त्यामुळे झोत अंगावर येत नाही. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून दव दिसलं, की झरोके कमी पडताहेत असं समजायचं.

३० जानेवारी २०१९ ला शहरात पारा उणे ३३ सेल्सियसपर्यंत उतरला; वाऱ्यात तो उणे ४८ इतका जाणवत होता. शेजारी उष्णतेचा दिवा देऊ लागले, मी घेतला नाही. कोरड्या पेंढ्यात असा दिवा पडून खुराडी जळतात, आणि मध्येच वीज गेली तर उबेला सरावलेली पाखरं एकदम गारठतात. पेंढा वाढवला, तुऱ्यांना व्हॅसलीन लावलं. बसायच्या दांडीची रुंद बाजू वर असल्याने कोंबड्या पायांवरच बसून बोटं पिसांत झाकून घेत होत्या. पाण्याचं भांडं विजेच्या गरम बैठकीवर, तेही बाहेर आवारात. अंडी गोठून तडकू नयेत म्हणून मी पुन्हा पुन्हा खेपा घालत होते.

सगळ्या जगल्या. लेगहॉर्नच्या मोठ्या उभ्या तुऱ्याचं टोक तेवढं काळं पडलं. तेव्हापासून नवी पिल्लं आम्ही वायनडॉटची घेतो. त्यांचा तुरा बसका, डोक्यालगत असतो.